सुटीनंतरचा सोमवार

सहलीस जाण्याची तयारी मनुष्य पंधरा दिवस आधीपासून करतो. सहलीहून परत येण्याची तयारी मात्र सहसा कोणी करीत नाही. जावयाचे ठरले की तिकिटे काढावयाची, पिशव्या भरावयाच्या, चिवड्याचे डबे बांधावयाचे, शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवावयाची, अशी कामांची यादी घराघरांत तयार होते आणि ती कामे करताना लहानथोर सर्वांस उत्साह असतो. परतीची अशी यादी कोणी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. मध्यरात्री गाडी दाराशी येऊन थांबते, निजलेले मूल खांद्यावर टाकून घरात आणले जाते, आणि दुसरे दिवशी सकाळी सात वाजता तेच मूल शाळेत प्रार्थनेच्या रांगेत उभे असते. ह्या दोहोंमधील अंतर घड्याळाने मोजल्यास सातआठ तासांचे भरेल. परंतु मुलाच्या मनास ते फार मोठे असते, आणि ते ओलांडताना त्यास कोणी हात देत नाही. त्याविषयी पालकांशी व विद्यार्थ्यांशी चार शब्द बोलावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटीनंतर शाळा उघडली म्हणजे ‘सुटीतील एक दिवस’ हा निबंध वर्गात लिहवून घेण्याची जुनी रीत आहे. गेली अठरा-वीस वर्षे हे निबंध आम्ही वाचीत आलो आहो. पूर्वी त्यांत आजोळ असे, विहिरीवरचे पोहणे असे, आंब्याची अढी असे. अलीकडे त्यांत मनोरंजननगरी, म्हणजे ज्यास सर्वत्र थीम पार्क म्हणतात ते स्थळ, वारंवार येऊ लागले आहे. कोणी खोपोलीस जाऊन आलेला असतो, कोणी हैदराबादेस. एखाद्याचे मामा-काका परदेशी असले तर सिंगापूर किंवा हाँगकाँग हेही नाव येते. हे निबंध मोठ्या उत्साहाने लिहिलेले असतात, परंतु ते सर्व एकाच ठिकाणी संपतात. ‘आणि मग आम्ही घरी आलो’ एवढे लिहून लेखणी खाली ठेवलेली असते. जणू घर म्हणजे पूर्णविराम! निबंध लिहिणाराही मग चारआठ दिवस वर्गात तसाच पूर्णविरामासारखा बसून राहतो. जांभया देतो, वही विसरतो, मधल्या सुटीत डबा परत नेतो, आणि घरी गेल्यावर ‘मला कंटाळा आला’ हे एकच वाक्य घोकतो.

आमचा रोख मनोरंजननगरीच्या विरुद्ध आहे असा ग्रह कोणी करून घेऊ नये. आनंद ही मुलांच्या वाढीस अन्नाइतकीच आवश्यक वस्तू आहे, आणि आनंदासाठी खास जागा राखून ठेवण्याची बुद्धी मनुष्यास फार पूर्वीपासून आहे. आपल्याकडील जत्रांतील लाकडी पाळणे व लाकडी घोडे कोणास ठाऊक नाहीत? युरोपात कोपनहेगन शहरी १८४३ साली उघडलेले टिव्होली नावाचे क्रीडोद्यान आजही चालू आहे. १८९३ साली शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात फेरिस नावाच्या एंजिनियराने २६४ फूट उंचीचे चक्र उभे केले. त्यास ३६ डबे होते व एकेका डब्यात साठ माणसे मावत. आज जगभर जे प्रचंड पाळणे फिरताना दिसतात, त्यांस त्याचेच नाव चालू आहे. पुढे १९५५ साली जुलै महिन्यात अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांती ॲनाहाइम गावी वॉल्ट डिस्ने ह्यांनी डिस्नेलँड उघडले, आणि नुसत्या पाळण्यांच्या जागी एक संपूर्ण कल्पित नगर रचण्याची तऱ्हा तेथून जगभर पसरली. आपल्या प्रांतात १९८९ साली मुंबईनजीक गोराई येथे एस्सेल वर्ल्ड सुरू झाले. आजच्या पालकांपैकी कितीएकांनी आपल्या बालपणी ते पाहिले असेल. २०१३ साली खोपोलीनजीक इमॅजिका उघडले, आणि आता त्यांची मुले तेथे जातात.

ह्या इतिहासातील एक गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. डिस्नेलँडची कल्पना कशी सुचली हे खुद्द डिस्ने ह्यांनीच सांगून ठेवले आहे. लॉस एंजलिस शहरातील ग्रिफिथ पार्क नावाच्या बागेत ते आपल्या दोन मुलींस घेऊन जात. मुली फिरत्या घोड्यांवर बसत आणि वडील बाकावर बसून त्यांची वाट पाहत. असे बसले असता त्यांच्या मनात आले की आईबापांनी बाकावर व मुलांनी घोड्यावर असे का असावे? जेथे दोघांसही एकत्र खेळता येईल असे ठिकाण का नसावे? म्हणजे ज्या नगरीस लोक आज यंत्रांचा चमत्कार म्हणून पाहावयास जातात, तिच्या मुळाशी बाकावर बसलेल्या एका बापाची खंत आहे. मुलांच्या आनंदात आपणास जागा नाही, ही ती खंत होय.

आता पुन्हा आमच्या वर्गातील निबंधांकडे वळू. त्यांत यंत्रांचे वर्णन किती असते? फार तर दोन ओळी. पाळणा उंच होता, गाडी वेगाने उलटी झाली, संपले. त्यानंतरच्या सर्व ओळी माणसांविषयी असतात. बाबा सर्वांपेक्षा मोठ्याने ओरडले. आईने डोळे गच्च मिटून घेतले आणि खाली उतरल्यावर ‘मी मुळीच घाबरले नव्हते’ असे म्हणाली. आजी पाण्यात उतरणार नव्हती, ती शेवटी उतरली. दादाने स्वतःचे आइस्क्रीम मला दिले. वर्षानुवर्षे हे वाचून आमचे असे मत झाले आहे की मुलाच्या मनात खोल जाऊन बसते ते सारे घर दिवसभर एकत्र, हसत आणि मोकळे असल्याचे सुख. त्या दिवशी बापास कचेरीचा फोन घेण्याची घाई नसते. आईस कुकरच्या शिट्या मोजावयाच्या नसतात. कोणी कोणास ‘नंतर’ असे म्हणत नाही. मुलाच्या सबंध वर्षात असे दिवस किती येतात, हे ज्याचे त्याने मोजून पाहावे.

सोमवारी मूल खिन्न का होते ह्याचे उत्तर आम्हास येथे सापडते. पाळणा तर खोपोलीसच राहिला, तो घरी येणार नव्हता हे त्यासही ठाऊक असते. परंतु बाप तर घरी आला होता! आणि घरी येताच तो पुन्हा कचेरीचा झाला, आई पुन्हा स्वयंपाकघराची झाली, आणि मूल एकटे पडले. ‘मला पुन्हा तेथे जावयाचे आहे’ असे ते म्हणते, तेव्हा आईबाप पैशांचा हिशेब सांगू लागतात. मागणी एका वस्तूची आणि उत्तर दुसऱ्याच वस्तूचे, असा तो प्रकार होतो.

ह्यास जोडून दुसरे एक कारण आहे, आणि ते त्या नगरीच्या रचनेतच आहे. डिस्नेलँडच्या सभोवार मातीचा उंच बांध घातलेला आहे. आत गेलेल्या मनुष्यास बाहेरचे रस्ते, मोटारी व घरे दिसू नयेत, हा त्याचा उद्देश. प्रवेशद्वारापासूनच्या मुख्य रस्त्यावरील घरांचे वरचे मजले खालच्यांपेक्षा लहान मापाचे बांधले आहेत. त्यामुळे ती घरे आहेत त्याहून उंच भासतात. पुढे १९७१ साली फ्लोरिडा प्रांती जी दुसरी नगरी उघडली, तिच्या मुख्य भागाखाली तर भुयारासारखे लांबलचक रस्ते आहेत. नोकरवर्गाची येजा, मालाची ने-आण, पोशाख बदलणे हे सर्व त्या खालच्या रस्त्यांतून चालते. केरकचरासुद्धा नळांतून हवेच्या जोराने ओढून दूर नेण्याची योजना तेथे केलेली आहे. वर फिरणाऱ्या पाहुण्यांस झाडलेला रस्ता दिसतो, झाडणारा क्वचितच दिसतो. आमच्याकडील नगऱ्यांत भुयारे नसतील, पण तत्त्व तेच आहे: पाहुण्याच्या दृष्टीस श्रम पडू द्यावयाचे नाहीत.

ह्यात गैर काहीच नाही. नाटकातही पडद्यामागची धावपळ प्रेक्षकांस दाखवीत नाहीत. परंतु दोन दिवस अशा ठिकाणी राहून आलेल्या मुलाच्या डोळ्यांनी आपले घर पाहा. दार उघडताच कोंदट वास, मोरीत जाताना राहून गेलेली दोन भांडी, दुधाची पिशवी नाही, आणि दिवाणखान्याच्या मध्यभागी ओल्या कपड्यांनी फुगलेल्या पिशव्या. घरात भुयार नाही. घराचे सर्व श्रम उघड्यावर आहेत. म्हणून घर त्यास एकाएकी गबाळे व उदास वाटू लागते. ‘आपले घर असे का?’ हा प्रश्न ते बोलून दाखवीत नाही, पण तो त्याच्या चेहऱ्यावर उमटतो. आणि त्याच वेळी आईही मनातून हाच प्रश्न विचारीत असते, कारण त्या पिशव्या उपसावयाच्या कोणी हे न बोलताच ठरलेले असते. घरातील सर्वांची सुटी सोमवारी सकाळी संपते. आईची मात्र रविवारी रात्री दाराचे कुलूप उघडताच संपते. एवढेच नव्हे, तर सुटीच्या दिवसांत साचलेले कामही तिच्याच वाट्यास येते. ज्या सहलीने सर्वांस विश्रांती द्यावयाची तिने एकीच्या पाठीवर दुप्पट ओझे ठेवावे, हे कोणत्याही सुज्ञ कुटुंबास शोभत नाही.

मनाच्या ह्या ओसरण्यास शास्त्रज्ञांनीही मोजून पाहिले आहे. नेदरलंड देशातील संशोधकांनी १५३० प्रौढ माणसांची पाहणी करून तिचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध केले. सहलीस जाणारी माणसे जाण्यापूर्वी इतरांहून अधिक आनंदी असतात, कारण पुढे काही सुखाचे आहे ही वाट पाहणेच सुखकारक असते. परंतु परत आल्यावर त्यांच्यात व घरी राहिलेल्यांत बहुधा काही फरक उरत नाही, असे त्यांस आढळले. ज्यांची सहल अत्यंत निवांत झाली होती तेवढ्यांचाच आनंद काही काळ टिकला. ही पाहणी प्रौढांची होती, मुलांची नव्हती, हे ध्यानात ठेवूनही तिच्यापासून दोन बोध घेता येतात. पहिला हा की परतल्यावर मन खाली येणे हा मनाचा स्वाभाविक व्यापार आहे. त्यास कृतघ्नपणा समजून ‘एवढा खर्च केला, तरी तुझे तोंड वाकडेच!’ असे मुलास टाकून बोलणे अन्यायाचे होय. दुसरा बोध असा की दिवसांत जितके अधिक कोंबू तितका आनंद अधिक, हा हिशेब चुकीचा आहे. पहाटे निघून, प्रत्येक यंत्रापुढील रांगेत उभे राहून, ‘तिकिटाचे पैसे वसूल’ करून मध्यरात्री परतणाऱ्या कुटुंबाने भरपूर पाहिलेले असते, परंतु विसावा घेतलेला नसतो.

विद्यार्थ्यांनो, हीच गोष्ट तुम्हास तुमच्या आवडत्या रोलर कोस्टरच्या उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. ह्या गाडीस बहुधा स्वतःचे एंजिन नसते. साखळी तिला पहिल्या उंच टेकाडावर ओढून नेते, आणि तेथून पुढचा सर्व खेळ गुरुत्वाकर्षणाचा असतो. चाळीस मीटर उंचीवरून खाली येणारी गाडी, घर्षण सोडून दिले तर, तळाशी सेकंदास सुमारे २८ मीटर वेगाने, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरांनी धावत असते. हे गणित तुम्ही वहीत करून पाहा. आता विचार करा की हा वेग एका क्षणात शून्य केला तर आत बसलेल्यांची काय गत होईल? म्हणून स्थानकाच्या अलीकडे रुळांचा एक भाग केवळ गाडी हळू करण्यासाठी राखलेला असतो. कित्येक ठिकाणी तेथे लोहचुंबक बसविलेले असतात. गाडीखालची धातूची पट्टी त्यांच्यामधून जाऊ लागली की तिच्यात विद्युत्प्रवाह उत्पन्न होऊन तिला विरोध होतो, आणि कोठेही न घासता गाडी संथ होत जाते. त्या भागात मौज काहीच नसते, तरी तो भाग नसलेली गाडी कोणी बांधीत नाही. आमची तक्रार एवढीच आहे की सहलीची आखणी करताना कुटुंबे उंच टेकाड बांधतात, उतार बांधतात, आणि गाडी हळू करण्याचा भाग बांधावयाचा विसरतात.

आपल्या पूर्वजांस ह्याची जाण होती असे भाषेवरूनच दिसते. पंढरपूरची आषाढी वारी सर्वांस माहीत आहे. आळंदीहून निघालेली पालखी दोन आठवड्यांहून अधिक काळ चालून पंढरपुरास पोहोचते. पौर्णिमेस गोपाळपुरी काला होतो, आणि मग पालखी पुन्हा पायींच माघारी निघते. ह्या माघारी येण्यास ‘परतवारी’ असे स्वतंत्र नाव आहे. जाताना लाखो माणसे असतात, परतताना थोडी. परंतु थोडी का होईना, परत येणे हाही वारीचाच भाग मानून ती चालतात. तसेच दूरच्या प्रवासाहून कोणी घरी आले म्हणजे उंबरठ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकण्याची व पायांवर पाणी घालण्याची चाल घरोघर होती. त्यामागील समजुती आज कोणी मानो वा न मानो. परंतु त्या दोन मिनिटांत प्रवासी दारात थांबत असे, घरची माणसे त्यास सामोरी येत असत, आणि ‘आपण घरी आलो’ हे त्याच्या मनास कळत असे. आज आपण कुलूप उघडतो, दिवा लावतो आणि चार्जर शोधू लागतो.

तेव्हा करावे काय? आमच्या अल्प अनुभवाप्रमाणे काही सूचना पालकांपुढे ठेवितो.

पहिली सूचना ही की सुटीचा शेवटचा दिवस घरासाठी राखावा. शाळा सोमवारी असेल तर शनिवारी रात्री घरी यावे. ह्यावर कोणी म्हणेल की कारकुनास किंवा कारखान्यातील मनुष्यास मोजून चार दिवस रजा मिळते, त्यांतला एक घरात बसून का दवडावा? आक्षेप रास्त आहे. ज्यांस सबंध दिवस राखणे शक्य नाही त्यांनी अर्धा राखावा. रात्री अकराऐवजी दुपारी चारला घरी यावे. शेवटच्या संध्याकाळचे दोन पाळणे चुकतील, परंतु त्यांच्या मोबदल्यात सोमवारची सकाळ मिळेल. आमच्या मते हा सौदा तोट्याचा नाही.

दुसरी व सर्वांत महत्त्वाची सूचना अशी की त्या राखलेल्या वेळात पिशव्या सर्वांनी मिळून उपसाव्या. आईने एकटीने नव्हे. धाकट्याने मोजे जुळवावे, मधलीने पाण्याच्या बाटल्या धुवाव्या, थोरल्याने वाण्याकडून दूध व कांदेबटाटे आणावे, आणि वडिलांनी कपडे पिळून दोरीवर घालावे. ओल्या टोपीतून वाळू पडेल, खिशातून चुरगळलेले तिकीट निघेल, आणि प्रत्येक वस्तूबरोबर काल घडलेली एक गोष्ट पुन्हा बोलली जाईल. सहलीत जो एकत्रपणा मुलास लाभला तोच येथे धुण्याच्या बादलीभोवती त्यास पुन्हा भेटेल. आनंद त्या नगरीच्या फाटकापाशी ठेवून आलो नाही, तो आपल्याबरोबर घरी आला, हे त्यास कोणी न सांगता कळेल. शिवाय घरातील श्रम जो स्वतः करतो त्यास ते गबाळे वाटत नाहीत. त्या रात्री जेवावयास वरणभात, मेतकूट व भाजलेला पापड एवढेच असावे. बाहेरच्या मसालेदार पदार्थांनी शिणलेल्या पोटास तो पुरतो, आणि स्वयंपाकघरासही सुटी मिळते.

तिसरी सूचना बोलण्याविषयी आहे. ‘झाली ना मजा? आता मुकाट्याने अभ्यास!’ हे वाक्य पुष्कळ घरांत ऐकू येते. बोलणाऱ्याच्या मनात काही नसते, परंतु ऐकणारे मूल त्यातून असे शिकते की मजा ही एक वस्तू, अभ्यास ही तिच्याबद्दलची शिक्षा, आणि शाळा म्हणजे त्या शिक्षेचे ठिकाण. ज्या मनावर हा धडा वर्षानुवर्षे गिरविला गेला, त्यास मोठेपणी नोकरीही शिक्षाच वाटेल आणि संसारही. वर्षाचे ३६० दिवस ते पाच दिवसांची वाट पाहत काढील. हे भय आम्ही उगाच बोलून दाखवीत नाही. तितकीच दुसरी चूक म्हणजे मूल रडू लागताच ‘पुढल्या सुटीत आणखी मोठ्या ठिकाणी जाऊ’ असे वचन देऊन त्यास गप्प करणे. वचन मोडले तर विश्वास जातो, आणि पाळले तर दर वर्षी अधिक उंच पाळणा लागतो. त्यापेक्षा ‘मलाही आज कचेरीत जावेसे वाटत नाही, चल, दोघेही जाऊ’ असे बाप म्हणाला तर तेवढ्याने मुलास सोबत मिळते.

चौथी सूचना झोपेची. सहलीत मुले अकराबाराला निजतात. शाळेच्या आदल्या रात्री नऊ वाजता निजण्याची आज्ञा केल्याने झोप येत नाही. दोन-तीन दिवस अर्धा-अर्धा तास मागे सरावे, आणि निजण्यापूर्वी तासभर तरी हातातील पडदे मिटवावे. सहलीची छायाचित्रे रात्री अंथरुणात पाहू नयेत. रविवारी दिवसा सर्वांनी मिळून पाहावी, त्यांतील दहाबारा निवडून छापून घ्यावी, आणि एक आजीआजोबांस पाठवावे.

आता विद्यार्थ्यांस थोडे सांगावयाचे आहे, आणि ते नाजूक आहे. तुमच्या वर्गात तुमच्या शेजारी बसणाऱ्या मुलाने सुटीत काय केले हे तुम्हास ठाऊक आहे काय? आपल्या शाळेत सर्व परिस्थितीतील मुले येतात, आणि येत आली आहेत. कोणी सुटीभर वडिलांच्या भाजीच्या गाडीवर वजने मोजली असतील. वसतिगृहातील कोणी गावी जाऊन पेरणीपूर्वी शेतातील धसकटे वेचली असतील. कोणाच्या घरी दुखणे असेल. तुम्ही पाहिलेली मौज मित्रांस सांगा, जरूर सांगा. परंतु सांगून झाल्यावर ‘तू काय केलेस?’ असे विचारावयास आणि उत्तर संपेपर्यंत ऐकावयास विसरू नका. तुमचा पाळणा किती उंच गेला हे ऐकून त्याचे मन खाली जाता कामा नये. कदाचित तराजूचा काटा स्थिर कसा धरावा हे तो तुम्हास शिकवील, आणि ती विद्या कोणत्याही मनोरंजननगरीत तिकीट देऊन मिळत नाही. शिक्षकांनीही निबंधाचे विषय देताना हे भान राखावे. ‘मी पाहिलेले प्रेक्षणीय स्थळ’ ह्याबरोबर ‘सुटीत मी घरी केलेले एक काम’ हाही विषय फळ्यावर असावा. म्हणजे वर्गातील कोणाही मुलास कोरी वही पुढे घेऊन बसावे लागणार नाही.

पालकहो, मुलांस वर्षातून एकदा डोंगरावर न्या, समुद्रावर न्या, आणि खिशास परवडत असेल तर त्या रंगीत नगरीतही न्या. बाकावर बसून राहू नका. त्यांच्याबरोबर पाळण्यात बसा आणि मनसोक्त ओरडा. परंतु घरी परतल्यावर पुन्हा बाकावर जाऊन बसू नका. रोज संध्याकाळी अर्धा तास, फोन दूर ठेवून, मुलाबरोबर एखादे काम करा: कुंड्यांस पाणी घाला, सायकलचे चाक पुसा, शेंगा सोला. मनोरंजननगरीस वर्षातून एक दिवस मिळतो आणि घरास उरलेले सारे. ज्या घरात ते उरलेले दिवस मुलास आपले वाटतात, त्या घरातील मूल सोमवारी सकाळी दप्तर घेऊन शाळेच्या वाटेस लागते, तेव्हा त्याच्या पायांत जडपणा नसतो. आणि मग त्याच्या निबंधात ‘आम्ही घरी आलो’ ह्या वाक्यानंतरही चार ओळी असतील. त्या वाचावयास आम्ही उत्सुक आहो.